आखाजीच्या ओट्यावर दिवाळी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

आखाजीला, ऐन अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तू आईबरोबर आलास, दोन दिवस राहिलास, तरी मला वाटतं तू आलाच नाहीस. मामी खापरावरून मांडे उतरवत होती आणि तू ओट्यावर सुरतेच्या व्यापाऱ्याशी दिवाळीच्या साड्यांचा भाव करत होतास. "चाल रे भो, जेवाले चाल," असं ती दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा नाही म्हणाली. वाटीतला रस काळा पडला. वैशाखात दिवाळी! रागावून लिहीत नाही; तुझ्या वयात मी याहून वाईट होतो.

दुकानदाराला पुढचं बघावंच लागतं. मीही आषाढातच सुरतेची गाडी धरायचो, गाठी उतरवून माळ्यावर टाकायचो. तेवढं ठीक. माल लवकर भर, पण सण लवकर लावू नकोस.

एका वर्षी मी लावला होता. दुकान हातात येऊन चार वर्षं झाली होती, अंगात मस्ती होती. पोळा व्हायच्या आत दिवाळीचा फलक टांगला, कपड्यांवर सूट दिली. गर्दी लोटली. पण तेव्हा कपाशी अजून पात्या-फुलांवर, कोणाच्या घरात पैसा असणार? सगळी खरेदी वहीवर चढली. आपल्याकडे बागायती कापसाची वेचणी दसऱ्याच्या आसपास सुरू होते, कोरडवाहूचा कापूस दिवाळीच्या तोंडावर घरात येतो. तो विकला की शेतकरी बायका-पोरांना घेऊन बाजाराला निघतो. त्याच आठवड्यात माझ्या दुकानात मी आणि दोन नोकर, माश्या मारत. उधारीवाले माझ्यासमोरून तोंड चुकवून जायचे आणि पलीकडच्या दुकानात रोखीने घ्यायचे. उधारी मागायला जावं तर 'आखाजीला देतो'. त्या दिवाळीला घरात काय केलं होतं, पोरांनी कोणते कपडे घातले होते, काही आठवत नाही. वहीतली नावं मात्र अजून पाठ आहेत.

सणाच्या दिवसाला कारण असतं रे. आखाजीचंच घे. शेतं उलंगलेली, रब्बी घरात आलेली, पेरणीला अजून अवकाश. सालदाराचं साल याच दिवशी संपतं, नवं ठरतं. लेकीला माहेरी येऊन झोक्यावर बसायला सवड मिळते ती आताच. पितरांच्या घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं तर डांगर आधी पिकायला तर हवं! फाल्गुनात कुठून आणशील?

ही खोड आपलीच नाही म्हणा. अमेरिकेत १९३९ साली रूझवेल्ट अध्यक्ष असताना त्यांनी थँक्सगिव्हिंगचा सण ३० नोव्हेंबरवरून २३ नोव्हेंबरला आणला. कारण काय, तर नाताळच्या खरेदीला आठवडा जास्त मिळावा ही दुकानदारांची मागणी. जवळपास निम्म्या राज्यांनी ते ऐकलंच नाही. एकाच देशात कोणाचा सण आज, कोणाचा पुढच्या गुरुवारी. शेवटी १९४१ साली कायदा करून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार पक्का करावा लागला. वाचलं तेव्हा मला माझा पोळ्याआधीचा फलक आठवला. त्यांनी निदान आठवडाच ओढला होता, मी दोन महिने.

मोबाइलवरचे सेल तर घटस्थापनेलाच दिवाळी उरकायला निघालेत. त्यांच्याशी सूट देण्यात बरोबरी करायला जाऊ नकोस, बुडशील. तुझं गिऱ्हाईक पातळाचा पोत बोटांनी बघतं, घरच्या म्हातारीची चौकशी केली की बसतं, चहा घेतं. त्या वेळी तुझं लक्ष फोनमध्ये असेल तर ते पैसे देऊनही नाराज जाईल, आणि तुला कळणारही नाही.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तुमच्याकडे कानबाई देवी बसेल. रोटांचा गहू निघेल, गावोगावची भाऊबंदकी जमेल. (कानबाईचा सेल अजून कोणी काढलेला नाही. मी लिहिलं म्हणून तू काढू नकोस!) त्या दिवशी शटर खाली ओढ आणि फोन गल्ल्यात ठेवून कुलूप लाव. सुरतेवाला दोनदा वाजवेल, तिसऱ्यांदा नाही वाजवणार. सोमवारी तिला नदीवर पोचवून आलास की मग खुशाल गाडी धर.

आणि मामीने लोणचं दिलेला स्टीलचा डबा पुढच्या खेपेला परत आण. ती रोज विचारते.

तुझा,
मामा