मी तिथे नाही, मग त्यावर लिहू कशी?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार.

मी तेवीस वर्षांची आहे. मुंबई विद्यापीठात, कलिनाला, समाजशास्त्रात एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या प्रबंधिकेचा विषय आहे 'ऑनलाइन ओळख'. तो मी मागितला नव्हता. मला कामगारांच्या खानावळींवर काम करायचं होतं, पण तो विषय आधीच एकीने घेतला होता. मार्गदर्शक म्हणाल्या, "तू इंटरनेटवर नाहीस ना? मग हा तूच घे. बाकीच्यांना जे दिसत नाही ते तुला दिसेल." मी हो म्हणाले आणि घरी येऊन रडले.

माझ्याकडे बटणांचा फोन आहे. ईमेल मी ग्रंथालयातल्या संगणकावर बघते. आईचा स्मार्टफोन ओटीपी आणि गॅस बुकिंग एवढ्यापुरता हातात घेते. अकरावीत असताना गॅदरिंगमधला माझा एक फोटो वर्गाच्या ग्रुपवर फिरला. साडी सुटत होती आणि मी ती सावरत होते, नेमका तो क्षण. खाली जे लिहिलं गेलं ते इथे लिहीत नाही. तीन दिवस कॉलेजला गेले नाही. चौथ्या दिवशी मी सगळी अकाउंटं बंद केली. आता सवय झाली आहे.

माझे प्रश्न असे : अभ्यासापुरतं खोट्या नावाने अकाउंट उघडून लोक काय करतात ते बघितलं तर चालेल का? पोहता न येणाऱ्याने पोहण्यावर प्रबंध लिहू नये असं मैत्रिणी म्हणतात, ते खरं का? आणि तोंडी परीक्षेला परीक्षकांनी विचारलं की तुम्ही स्वतः ऑनलाइन कुठे आहात, तर काय सांगू?

नाव छापू नका. 'मुलुंडची एक' एवढंच टाका.

उत्तर : मुलुंडच्या मुली, तुला 'तू'च म्हणते.

तुझं पत्र फुलस्केप कागदावर, निळ्या शाईत, समास सोडून लिहिलेलं आलं. शेवटी तू आधी आपलं पूर्ण नाव लिहिलं होतंस, मग ते एका रेघेने खोडलंस आणि शेजारी 'मुलुंडची एक' असं लिहिलंस. खोडलेलं नाव मला वाचता आलं. ते मी कुणाला सांगणार नाही. पण तुझ्या वहीतली पहिली नोंद तिथूनच सुरू कर. बाईंना कळलं तर चालेल, वाचकांना कळू नये, घरच्यांच्या लक्षात येऊ नये, मुलुंड मात्र राहू दे, एवढं सगळं तू एका ओळीत ठरवलंस. कुणासमोर किती दिसायचं याचा हा हिशेब फोन हातात असलेली माणसं दिवसभर करत असतात. तो तुला येतो.

आणि त्यासाठी घेतलेलं वेगळं नाव म्हणजे खोटेपणा, असं आपल्या भाषेत तरी कधी मानलेलं नाही. राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली, कविता 'गोविंदाग्रज' म्हणून आणि विनोद 'बाळकराम' म्हणून. चिं. त्र्यं. खानोलकर कवितेत 'आरती प्रभू' झाले. एका माणसाला एकाहून जास्त आवाज असू शकतात हे मराठी वाचकाला ठाऊक आहे, आणि त्यातला खरा कोणता असं तो विचारत बसत नाही. तुझ्या पहिल्या प्रकरणात ही माणसं यावीत असं मला फार वाटतं. परदेशी सिद्धान्तांची यादी देऊन सुरुवात करणाऱ्या प्रबंधिका मी पुष्कळ तपासल्या आहेत.

आता माझी एक गोष्ट सांगते. 1982 साली मी तुझ्याच वयाची होते. आम्ही लालबागच्या चाळीत राहत होतो, वडील गिरणीत. त्या जानेवारीत अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. पावसाळ्यापर्यंत आमच्या घरातली डब्यांची रांग रिकामी झाली होती. तरी आई रोज संध्याकाळी सातच्या सुमारास स्टोव्हला पंप मारायची. पितळेचा स्टोव्ह होता, पेटला की त्याचा फर्रर्र आवाज गॅलरीच्या टोकापर्यंत जायचा. वर नुसतं पाणी ठेवलेलं असायचं. दोन-चार मिनिटं तो चालू ठेवायची, मग किल्ली सोडायची, कारण रॉकेलही मोजकंच होतं. त्याच वेळी बाकीच्या बिऱ्हाडांतूनही स्टोव्हचे आवाज यायचे. त्यांच्यावर काय ठेवलेलं असायचं ते आम्ही कधी कुणाला विचारलं नाही.

पुढे शिकवायला लागल्यावर मी अर्व्हिंग गॉफमन हे समाजशास्त्रज्ञ वाचले. त्यांनी 1950 च्या सुमारास स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर राहून तिथल्या माणसांचं निरीक्षण केलं. हॉटेलच्या स्वयंपाकघरात माणसं एका रीतीने वागतात आणि पाहुण्यांसमोर दुसऱ्या, हे त्यांनी बारकाईने टिपलं. समोरची बाजू आणि मागची बाजू, ही त्यांची मांडणी आज ऑनलाइन ओळखीवरच्या जवळजवळ प्रत्येक लिखाणात येते, आणि ती केली तेव्हा इंटरनेट नव्हतंच. ते वाचताना माझ्या कानात आईचा स्टोव्ह वाजत होता.

हे तुला का सांगते? तुझ्या पत्रात एक वाक्य होतं, जागेअभावी ते वर छापलेलं नाही : 'सगळे तिथे ढोंग करतात.' हे वाक्य घेऊन तू कामाला बसू नकोस. अडचणीतल्या घरातून सणाचा हसरा फोटो टाकला जातो तेव्हा त्याला ढोंग म्हणायच्या आधी त्या घरात कुणाला काय राखायचं आहे ते विचार. इंटरनेटबद्दल तुझ्या मनात राग आहे, तो असू दे. मात्र तो वहीच्या डाव्या पानावर तारीख घालून लिहीत जा आणि उजव्या पानावर जे पाहिलंस तेवढंच लिही. दोन्ही पानं जपून ठेव. प्रबंधिकेत दोन्ही लागतील.

मग नवं काय आहे? माझ्या मते दोन गोष्टी, आणि त्यातली पहिली मोठी. चाळीत नळावरचे श्रोते वेगळे, गिरणीच्या दारातले वेगळे, गावाहून आलेले काका वेगळे. त्यांची गाठ क्वचित पडायची. ऑनलाइन हे सगळे एकाच खोलीत येऊन बसतात. अ‍ॅलिस मार्विक आणि डॅना बॉइड यांनी ट्विटर वापरणाऱ्यांच्या अभ्यासात याचाच विचार केला आहे : लिहिताना माणूस नक्की कुणाला डोळ्यांसमोर आणतो? दुसरी गोष्ट, बोललेलं हवेत विरायचं. लिहिलेलं राहतं, आणि ते कुठे किती दिवस राहणार हे आपल्या हातात नसतं. उलटंही होतं. 2014 च्या 30 सप्टेंबरला ऑर्कुट हे फेसबुकसारखं जुनं संकेतस्थळ बंद झालं, त्याआधी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने मैत्रिणींनी तिच्याबद्दल तिथे लिहिलेलं सगळं हाताने डायरीत उतरवून काढलं होतं. त्यातली एक मैत्रीण तोवर वारली होती.

पहिल्या गोष्टीचं उदाहरण माझ्या शेजारणीचं आहे. तिला विचारून आणि मजकूर वाचून दाखवून लिहिते आहे. ती अठ्ठावन्न वर्षांची. नवरा गेला तेव्हा तिच्या व्हॉट्सअ‍ॅपला दोघांचा महाबळेश्वरचा फोटो होता. दिवसकार्य होईपर्यंत तिने त्याला हात लावला नाही. मग तुळशीच्या कुंडीचा फोटो लावला, कारण एकटीचा लावला तर लोक काय म्हणतील आणि दोघांचा ठेवला तर रोज बघवत नाही. ती कुंडी वर्षभर राहिली. वर्षश्राद्धानंतर भाचीच्या लग्नात ती हिरवी पैठणी नेसली. तो फोटो स्टेटसला टाकण्याआधी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सासरच्या मंडळींना दिसणार नाही असं करून दे." आम्ही दोघी सोफ्यावर बसून एकेका नावापुढे खूण करत गेलो. सात नावं झाली. आठव्या नावाला, म्हणजे धाकट्या जावेला, तिने बोट अडवलं. "हिला दिसू दे. हिला बरं वाटेल." चोवीस तासांनी ते स्टेटस गेलं. त्या आठव्या नावावर थांबलेल्या बोटात तुझ्या विषयाचं एक अख्खं प्रकरण आहे.

आता तुझ्याबद्दल. सॅली वायट या अभ्यासिकेने इंटरनेट न वापरणाऱ्यांचे चार प्रकार केले आहेत. काहींनी कधी वापरलंच नाही, कारण त्यांना नको आहे. काहींनी वापरून आपणहून सोडलं. काहींना ते मिळतच नाही. आणि काहींना मिळत होतं, पण त्यांच्यावर बाहेर पडायची वेळ आणली गेली. तू लिहिलंस, 'मी अकाउंटं बंद केली', म्हणजे दुसरा प्रकार. त्याच्याच आधीच्या ओळीत लिहिलंस, 'तीन दिवस कॉलेजला गेले नाही'. पोरी, हे सोडणं होतं की हुसकावणं? मी उत्तर देणार नाही, तो अधिकार तुझा. पण कदाचित त्या चार कप्प्यांच्या मधल्या भिंतीवर तू उभी आहेस, आणि त्या भिंतीवर मुंबईतल्या कितीतरी मुली उभ्या असतील. कुणी अकाउंट बंद केलं, कुणी फोटोच्या जागी फूल लावलं, कुणी नुसती वाचते आणि कधी काही लिहीत नाही. त्यांच्याशी तू बोललीस तर त्या तुला सांगतील. मला सांगणार नाहीत.

हे बोलणं तुला झेपणार नसेल तर विषयाची ही बाजू सोड आणि मार्गदर्शकांना तसं स्पष्ट सांग. कोणत्याही पदवीसाठी ती जखम पुन्हा उघडायची गरज नाही.

पोहण्याचा दाखला मात्र इथे लागू पडत नाही. पोहता न येणारा काठावर कोरडा असतो. तू कोरडी राहिली नाहीस, तुझा फोटो तुला न विचारता आत गेला. आजही तू तिथे पूर्णपणे नाहीस असं समजू नकोस. आईला विचार, तुझा पदवीचा फोटो तिने कुणाकुणाला पाठवला, मामाच्या ग्रुपवर तुझ्या वाढदिवसाला काय काय लिहिलं गेलं. आपण हजर नसताना इतरांनी तयार केलेली आपली ओळख, यावर फार कमी मुलं काम करतात.

खोट्या नावाने अकाउंट उघडून लोकांमध्ये वावरणं, याला माझं उत्तर ठाम नाही असं आहे. टोपणनाव घेऊन आपलं म्हणणं मांडणं वेगळं, आणि आपण कोण ते लपवून दुसऱ्यांच्या गप्पा टिपणं वेगळं. ग्रुपवर फिरलेल्या फोटोखाली नोंदी करणारी एक अनोळखी मुलगी तिथे असती आणि पुढे तिने त्यावर प्रबंध लिहिला असता, तर तुला कसं वाटलं असतं? 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमताने निर्णय दिला. तो तुझ्या कार्यपद्धतीच्या प्रकरणात असायलाच हवा.

त्याऐवजी असं कर. दहा-बारा माणसं निवड. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या शेजारी बस, फोन त्याच्याच हातात राहू दे. त्याला म्हण, पाच वर्षांपूर्वीपासूनचं वर सरकवत मला दाखवा आणि सांगत जा. ब्रॅडी रॉबर्ड्स आणि शॉन लिंकन यांनी फेसबुक वापरणाऱ्या विशीतल्या तरुणांबरोबर याच रीतीने काम केलं आहे. माणूस आपलंच जुनं बघताना थांबतो, हसतो, एखादी गोष्ट भरकन पुढे सरकवतो. ते भरकन सरकवणं टिपून ठेव, पण काय होतं ते विचारू नकोस. यासाठी तुझं अकाउंट लागत नाही. एखाद्या ग्रुपचा अभ्यास करायचा झाला तर अ‍ॅडमिनची परवानगी पुरत नाही, प्रत्येक सदस्याला विचारावं लागतं. आणि कुणी सर्वांसाठी लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं छापू नकोस. नाव बदललं तरी ते वाक्य शोधयंत्रात टाकलं की लिहिणारा सापडतो. आशय तुझ्या शब्दांत लिही.

राहिले परीक्षक. तू ज्या विभागात शिकतेस तो 1919 साली पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला. आधी पाहणी, मग आराखडा, असा नगररचनेत त्यांचा आग्रह असे. तूही आधी आपण कुठे उभ्या आहोत ते पाहून ठेव. परीक्षकांनी विचारलं तर सरळ सांग की मी अकरावीपर्यंत तिथे होते, मग बाहेर पडले, का पडले ते दुसऱ्या प्रकरणात लिहिलं आहे, किंवा लिहायचं नाही असं ठरवलं आहे. दोन्ही उत्तरं चांगली आहेत. मी बाहेरची परीक्षक म्हणून बसत असे तेव्हा आपण कुठे उभे आहोत ते सांगून बोलणाऱ्या मुलांना मी नेहमी जास्त वेळ ऐकलं.

तुझं पत्र या अंकासोबत पाकिटावरच्या पत्त्यावर परत पाठवते आहे. खोडलेल्या नावाच्या ओळीखाली मी पेन्सिलीने हलकी रेघ मारली आहे, ती पुसता येईल. हा कागद तुझ्या नोंदींच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लाव.