शिकागोचा हिवाळा आणि डेकवरच्या कुंड्या

तुम्ही लिहिलंय की शिकागोच्या उपनगरात नव्या घरातला हा पहिलाच हिवाळा, डेकवर कढीपत्ता, तुळस, मोगरा, जास्वंद आणि अंजीर आहे, आणि मागच्या हिवाळ्यात अपार्टमेंटमध्ये पानं गळून कढीपत्ता गेला, म्हणून यंदा धास्ती वाटते. माझे इथे एकोणीस हिवाळे झाले. पहिल्या चारांत मी तीन कढीपत्ते मारले, त्यामुळे जरा हक्काने लिहिते.

पानं गळली म्हणजे झाड गेलं असं नसतं. थंडीत आणि कमी उजेडात कढीपत्ता पानं टाकून झोपी जातो. नखाने खोडाची साल जराशी खरवडायची, आत हिरवं दिसलं तर तो जिवंत आहे. आपण मात्र बोडकं झाड बघून घाबरतो आणि आणखी पाणी घालतो. पानंच नाहीत तर पाणी पिणार कोण? माती आठवडेच्या आठवडे ओली राहते आणि मुळं कुजतात. माझा तिसरा कढीपत्ता फेब्रुवारीत उपटला तेव्हा मुळांची साल पायमोज्यासारखी हातात निघून आली, आणि वास तर विचारूच नका. त्या वर्षी सासूबाई आल्या होत्या. आंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी, उरलेलं शेजारच्या कुंडीत. त्यांना कोण काय सांगणार! तेव्हापासून मी तुळशीशेजारी काही ठेवत नाही.

रात्रीचा पारा ५० फॅरनहाइटच्या खाली जायला लागला की कढीपत्ता, मोगरा, जास्वंद आत घ्या. आपल्याकडे ही वेळ साधारण सप्टेंबरअखेर येते, फ्रॉस्टची वाट बघत बसू नका. आणण्याआधी पाइपच्या जोरदार धारेने पानांच्या पाठी धुवायच्या, मग कीडनाशक साबणाचा फवारा, आठवड्याने पुन्हा एकदा. हे कंटाळवाणं काम टाळलंत तर थँक्सगिव्हिंगपर्यंत जास्वंदीवर मावा आणि पांढरी माशी हजर. हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी होते आणि लाल कोळी या बारीक किडीला तेच हवं असतं, म्हणून पानांखाली बारीक जाळी दिसते का बघत राहा.

जागा दक्षिणेच्या खिडकीची, पण पान काचेला टेकायला नको आणि कुंडी हीटिंगच्या झरोक्यासमोर नको. मातीत दोन पेरं बोट घालून कोरडं लागलं तरच पाणी. माझ्या कढीपत्त्याला डिसेंबर-जानेवारीत तीन आठवड्यांतून एकदा पुरतं. खत मार्चपर्यंत बंद. मोगरा एक तृतीयांश छाटून आणा.

तुळशीचं स्पष्टच सांगते, उन्हाळाभर वाढलेलं जून झाड आत टिकवायच्या भानगडीत मी पडत नाही. मंजिऱ्या वाळवून बी कागदाच्या पुडीत ठेवते आणि ऑगस्टमध्ये पेरलेलं एक रोप ग्रो लाइटखाली वाढवते. तुळशीचं लग्न बहुधा नोव्हेंबरात येतं, तोवर बाहेरची तुळस काळी पडलेली असते. लग्न या पोरीचंच लागतं.

अंजिराचा न्याय वेगळा. त्याला थंडी हवीच असते. बाहेरच पानं गळू द्या, मग हीटिंग नसलेल्या गराजमध्ये ढकला. उजेड नसला तरी चालतो, महिन्यातून एकदा पेलाभर पाणी पुरे. पण जमिनीतली अंजिरं तगतात म्हणून कुंडी डेकवर सोडू नका. जमिनीची ऊब मुळांना मिळते, कुंडी मात्र चारी बाजूंनी गारठते. म्हणून बाहेर ठेवायच्या कुंडीत आपल्यापेक्षा दोन झोन जास्त थंडी सोसणारं झाडच लावावं असं म्हणतात. झोन म्हणजे हिवाळ्यातल्या थंडीनुसार पाडलेले विभाग, आकडा जितका लहान तितकी थंडी जास्त. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या २०२३ च्या झोन-नकाशात शिकागोचा बराचसा भाग ६ए आहे, म्हणजे कुंडीसाठी ४ धरा. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर उणे २३ फॅरनहाइट झालं होतं, त्या दिवशी माझ्या गराजमधल्या बादलीतही बर्फ धरला. अंजिराला दोन जुन्या गोधड्या गुंडाळल्या होत्या, तरी वरच्या काड्या गेल्याच. मेमध्ये बुंध्यातून फुटवा आला.

मातीच्या कुंड्या रिकाम्या करून आत ठेवा, ओली माती गोठून फुगली की त्या तडकतात.

कढीपत्त्याचं नवं रोप हवं असेल तर फ्लोरिडा किंवा टेक्सासच्या ओळखीतून पार्सल मागवू नका. लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग पसरवणारी सिला कीड कढीपत्त्यावरही पोसली जाते, म्हणून तिथल्या क्वारंटाइन भागांतून रोपं बाहेर पाठवायला निर्बंध आहेत. इथल्याच कुणाकडे बुंध्याशी आलेलं पिल्लू मिळतं का बघा.

आणि मेच्या मध्यानंतर सगळं बाहेर काढाल तेव्हा पहिला आठवडा सावलीत. मी एकदा हौसेने मोगरा थेट उन्हात ठेवला, तर दोन दिवसांत पानं धुतल्या कागदासारखी पांढरी पडली आणि त्या वर्षी पहिली कळी ऑगस्टात आली.