तालुक्याला चार इंटरनेटवाले आहेत, तरी चारही एकदम कसे बंद पडतात? घाऊकमध्ये स्पर्धा आहे तरी का?

तुम्ही विचारलंय की मुंबईत घाऊक बँडविड्थ (ठोक भावाने घ्यायची इंटरनेटची क्षमता) स्वस्त झाली असं सगळे सांगतात, तुमच्या गावात चार कंपन्यांच्या पाट्याही आहेत, मग रस्ता खोदला की चौघंही एकदम का झोपतात. आणि स्वतःचा लहानसा आयएसपी, म्हणजे घरोघरी इंटरनेट देणारी कंपनी, काढायचा तर माल (हीच बँडविड्थ) कोणाकडून उचलावा. लातूर जिल्ह्यात अकरा वर्षं हाच धंदा करतोय, आधी केबल टीव्ही आणि मग ब्रॉडबँड, म्हणून सांगतो.

लातूरकराला हे पाण्यावरून पटकन कळतं. शहरात टाक्या कितीही बांधा, पाणी मांजरा धरणाचं. २०१६ला धरणाने तळ गाठला तेव्हा सगळ्या टाक्या एकदम कोरड्या पडल्या आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टाक्या कमी पडल्या असं तेव्हा कोणीच म्हटलं नाही. तुमच्या गावातल्या चार पाट्या म्हणजे त्या टाक्या.

स्पर्धा आहे, पण ती समुद्राच्या बाजूला आहे. परदेशी कॉलवर ३१ मार्च २००२पर्यंत एकट्या व्हीएसएनएलचा मक्ता होता, तीच कंपनी आज टाटा कम्युनिकेशन्स. मक्ता उठल्यावर समुद्री केबली वाढल्या, खासगी कॅरिअर, म्हणजे घाऊक वाहतूक करणाऱ्या कंपन्या, आल्या. २००३ला निक्सीचं एक्सचेंज सुरू झालं, म्हणजे एका आयएसपीचा देशातलाच डेटा दुसऱ्याकडे परदेशाला वळसा न घालता द्यायची सोय झाली. आज मुंबईत एकाच इमारतीत डझनभर घाऊक विक्रेते शेजारी शेजारी बसलेत. एकाने दर चढवला तर तुम्ही तिथल्या तिथे एक केबल काढून बाजूच्या रॅकमध्ये लावता. यूट्यूब आणि इन्स्टाचा बराचसा माल तर देशातल्याच कॅश सर्व्हरवरून (जिथे प्रती आधीच साठवलेल्या असतात) येतो, त्याला समुद्र ओलांडावाच लागत नाही.

अडचण मुंबईहून निघाल्यावर सुरू होते. लातूरपर्यंत रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या लांबीला चर खणणं महाग असतं, आतली काच, म्हणजे फायबर, त्यामानाने स्वस्त. म्हणून एकजण चर खणतो आणि बाकीचे त्याच्याच केबलमधली एखादी जोडी भाड्याने घेतात. पुणे-मुंबई मार्गावर ट्रॅफिक इतकं असतं की दुसरा, तिसरा चरही परवडतो. आमच्याकडे तालुक्याला जाणाऱ्या रस्त्यावर दुसऱ्या चराचा खर्च निघत नाही. माझ्या महिन्याच्या बिलात निम्म्याहून जास्त पैसे माल लातूरपर्यंत आणायच्या भाड्याचे असतात. मुंबईत मालाचा दर आणखी पडला तरी मला फरक जाणवतो तो चहापाण्याएवढाच.

एक अनुभव सांगतो. माझ्याकडे दोन अपस्ट्रीम (मला माल देणारे घाऊक विक्रेते) होते, दोन वेगळ्या कंपन्यांचे. नावं सांगत नाही. राउटरवर बीजीपी (आपोआप वाट बदलायची व्यवस्था) व्यवस्थित, एक गेला की दुसरा उचलणार, सगळं कागदाप्रमाणे. एका रात्री साडेदहाला दोन्ही एकदम गेले. मला वाटलं राउटरच उडाला. दोन्हीकडच्या कस्टमर केअरला फोन लावायला घेतला तर दोन्ही सिमला रेंज नाही. ओटीडीआर (फायबर किती अंतरावर तुटलं ते सांगणारं यंत्र) लावला, सतरा किलोमीटरवर तुटल्याचं दाखवलं. केबलला जागोजागी वेटोळी सोडलेली असतात, ती रस्त्यापेक्षा लांब भरते, म्हणून आम्ही रस्त्याने सोळालाच गाडी हळू केली. थोडं पुढे रुंदीकरणाचं काम चाललेलं, जेसीबी तसाच उभा. खड्ड्यात उतरलो तर पाइप केळासारखा सोललेला आणि आत ४८ कोअरची (४८ काचतंतूंची) केबल. अर्ध्या तासाने एका कंपनीचा स्प्लायसर (तुटलेलं फायबर जोडणारा) आला, पाठोपाठ दुसरीचा. दोघं एकाच खड्ड्यात एकाच केबलवर वाकले. पहिला निळी ट्यूब सोलतोय, दुसरा केशरी. जेसीबीवाले मामा वरून बघत होते. म्हणाले, "मालक, तुमचं दोन्ही बी हितंच हाय की!"

दोन बिलं, दोन सेल्समन, दोन एसएलए (सेवेच्या हमीचे करार) आणि चर एक. (मामांना विचारलं, खणायच्या आधी कळवायचं 'कॉल बिफोर यू डिग' हे सरकारी अ‍ॅप २०२३पासून आहे, ठाऊक आहे का. ते म्हणाले, मोबाइल पोराकडं आहे.)

त्या रात्री मोबाइल का गेला, यात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. पूर्वी आवाजाची वाट वेगळी होती. दोन कंपन्यांच्या एक्सचेंजमध्ये ई-वन (कॉल वाहून नेणारी जुनी डिजिटल) लाइन टाकायची, एका ई-वनवर एका वेळी तीस कॉल, आणि मिनिटाला पैसे मोजायचे. इंटरनेटची लीज्ड (भाड्याची, फक्त आपल्यासाठी राखलेली) लाइन निराळी, तिचा हिशोबही निराळा. आता आवाज, टॉवरचा डेटा, बँकेचं एटीएम, तुमच्या घरचं वायफाय, सगळं आयपीचं पाकीट होऊन एकाच काचेतून जातं. घाऊकवाल्याला हे सोयीचं, एकाच पोर्टवर चार सेवा विकता येतात. पण जेसीबीचा एक फटका बसला की चारही जातात, आणि तक्रार करायचा फोनही त्यातच असतो.

मिनिटाचा पैसा तर संपलाच. दुसऱ्याच्या मोबाइलवर कॉल उतरवायचे मिनिटाला १४ पैसे ऑक्टोबर २०१७मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) ६ केले आणि १ जानेवारी २०२१पासून शून्य. परदेशी कॉलची मलई व्हॉट्सअ‍ॅपने खाल्ली. मोठे कॅरिअर आता रोमिंगचं सिग्नलिंग, क्लाउडच्या वाटा आणि दर्जाची हमी असलेलं आयपीएक्स विकतात. आयपीएक्स म्हणजे मोबाइल कंपन्यांनी आपसात वापरायचं, खुल्या इंटरनेटपासून वेगळं ठेवलेलं जाळं. तुमचा भाऊ दुबईत उतरल्यावर त्याचं सिम चालतं ते अशा जाळ्यामुळे. छोट्या आयएसपीला त्याचं काही काम नाही.

मात्र जोडणी द्यायची की नाही, किती आणि कधी, हे हत्यार आजही चालतं. २०१६ला जिओ सुरू झाली तेव्हा तिचे कॉल दुसऱ्या नेटवर्कवर लागेनात. नियम असा की जोडणीच्या ठिकाणी हजारात पाचपेक्षा जास्त कॉल अडता कामा नयेत. ट्रायने ऑक्टोबर २०१६मध्ये एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया मिळून ३,०५० कोटींच्या दंडाची शिफारस केली. हत्तींच्या झुंजीत निदान पंच तरी असतो. तालुक्यात घाऊक विकणाऱ्या कंपनीचाच माणूस तुमच्या गल्लीत घरोघरी फायबर विकतो, तेव्हा तुमचा पोर्ट वाढवायला दोन महिने का लागले हे कोणी विचारत नाही. ज्याच्याकडून गहू घ्यायचा त्याचीच शेजारी गिरणी, अशातली गत.

आता माल कोणाकडून उचलावा. नाव बघू नका, वाट बघा. ऑर्डर देण्याआधी रूटची केएमझेड फाइल (केबलच्या वाटेचा नकाशा) मागा. गुगल अर्थवर दोन्ही विक्रेत्यांच्या फायली एकावर एक ठेवा. रेघा जिथे चिकटतील तिथे तुमचे दोन विक्रेते एकच आहेत. फाइल द्यायला टाळाटाळ झाली तर बहुतेक केबल त्यांची नाहीच, भाड्याची आहे. तसं असलं तरी चालेल, फक्त कोणाच्या केबलवर आहे ते लेखी घ्या.

दुसरं, सगळ्याच वाटा सडकेच्या कडेनेच घेऊ नका. रेलटेलची केबल रुळाच्या कडेने जाते, तिथे रुंदीकरणाचा जेसीबी सहसा पोचत नाही. पॉवरग्रिडची तर उच्चदाबाच्या टॉवरवर अगदी वरच्या तारेच्या पोटात असते. हे दोघं तालुक्यापर्यंत येतीलच असं नाही, पण जिल्ह्यापर्यंत एक लाइन त्यांच्याकडून मिळत असेल तर दर थोडा जास्त पडला तरी घ्या.

तिसरं, दिशा बदला. सगळेच सोलापूर-पुण्याकडून मुंबई गाठतात. लातूरहून हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ आहे आणि निक्सीचं एक्सचेंज तिथेही आहे. १९५६पर्यंत आमचा सगळा कारभार तिकडेच होता, इंटरनेटवाल्यांना तेवढा विसर पडलाय.

मी आता एक लाइन सोलापूरकडून आणि एक नांदेड-हैदराबादकडून घेतो. दुसरीवर फारसं ट्रॅफिक नसतं, बिल मात्र पूर्ण येतं. भागीदार दर महिन्याला ते बघून तोंड वाकडं करतो. मागच्या पावसाळ्यात सोलापूरची बाजू दोनदा गेली, पैकी एकदा दहावीचा ऑनलाइन क्लास चालू असताना. त्या महिन्यात त्याने बिलावर न बोलता सही केली.