मल्याळम सिनेमा: सुरुवात कुठून करावी

पहिली विनंती, हिंदी डब बघू नका. मूळ आवाज ठेवा आणि सबटायटल्स लावा. केरळातल्या मलप्पुरमची बोली वेगळी, त्रिशूरची वेगळी. डबिंगमध्ये सगळेच एका गावचे होऊन जातात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे फक्त थ्रिलरच बघत सुटणं. ते छानच असतात, पण केरळचा समाज बघायचा असेल तर हे तीन आधी घ्या:

- 'महेशिंटे प्रतिकारम' (2016): इडुक्कीच्या डोंगरातलं गाव आणि तिथला फोटो स्टुडिओवाला.
- 'सुडानी फ्रॉम नायजेरिया' (2018): मलप्पुरमचं सेव्हन्स फुटबॉल, म्हणजे सात-सात खेळाडूंचं. यातल्या दोन म्हाताऱ्यांवर तुमचा जीव जडेल.
- 'द ग्रेट इंडियन किचन' (2021): हा अजिबात घाईत बघू नका. सासऱ्यांना भात चुलीवरचाच हवा, कपडे हातानेच धुतलेले हवेत. पुरुष शेवग्याच्या शेंगांचा चोथा टेबलावरच टाकून उठतात आणि सून तो आवरते, पुन्हा पुन्हा. ती पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटली तरी फॉरवर्ड करू नका. सिनेमा तिथेच आहे. शबरीमलाच्या व्रताचा भाग आला की घर, धर्म आणि पाळी यांचं नातं उघडं पडतं.

बघताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवा: कुणाचा तरी भाऊ किंवा नवरा आखातात असतो. तिथून येणाऱ्या पैशावर अख्खी गावं उभी राहिली आहेत.

अडूर गोपालकृष्णन, जी. अरविंदन या समांतर सिनेमाच्या दिग्दर्शकांना सध्या राहू द्या. आधी वरच्या तीन सिनेमांतला कोणता आवडला ते कळवा, पुढची यादी त्यावरून देते.