राजहंसांसाठी ठेव मोडावी का?

प्रश्न: कुडाळजवळ आमची एक एकर नारळाची बाग आणि ३५ गावठी कोंबड्या आहेत. त्यात चिनी राजहंसांच्या चार जोड्या घ्यायच्या आहेत. जोडी ४,००० रुपये, हौद-खुराड्याला २४,००० रुपये. चार माद्यांची पन्नास-पन्नास अंडी म्हणजे २०० पिल्लं, ६०० रुपयांनी १,२०,००० रुपये. एक लाखाची मुदत ठेव मोडू का?

उत्तर: हंस घ्या, ठेव मोडू नका. आणि चार जोड्या तर नकोतच. तीन-चार माद्यांना एक नर पुरतो. जास्तीचे नर हंगामात आपसात भांडतात, कोंबड्यांनाही टोचतात, आणि खाणं मात्र तेवढंच लागतं. एक नर, तीन माद्या घ्या: ८,००० रुपये. नर-मादी दिसायला बरेचसे सारखे, त्यामुळे पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. व्यापाऱ्याच्या ‘जोडी’वर जाऊ नका.

हौदही नको. चिनी जात हलकी, जमिनीवरही मिलन होतं. डोकं बुडेल एवढं खोल घमेलं पुरे, पण ते कोंबड्यांपासून लांब ठेवा. हंस पाणी सांडून भुसा ओला करतात आणि ओल्या भुशात कोंबड्यांना रक्ती हगवण लागते. रात्री दोघांना वेगळं ठेवायला जाळी मारलेला कोपरा ६,००० रुपयांत होईल.

खरी चूक उत्पन्नात आहे. पहिल्या हंगामात मादीमागे २५ अंडी धरा, म्हणजे ७५. त्यांतली निम्मी उबतील, काही पिल्लं दगावून हाती २८ राहतील. खुडूक कोंबडीखाली चार-पाचच अंडी मावतात, ती तिला फिरवता येत नाहीत, म्हणून दिवसातून दोनदा हाताने फिरवायची, साधारण ३० दिवस.

पावसाळ्यात गवतावर भागतं. पण अंडी थंडीत, गवत वाळायच्या वेळी येतात. तेव्हापासून २०० दिवस रोज पक्ष्यामागे १५० ग्रॅम दाणा म्हणजे १२० किलो. ३० रुपयांनी ३,६०० रुपये. पिल्लांचं महिनाभराचं खाद्य सुमारे ३,०००. सगळी पिल्लं विकली तर १६,८०० वजा ६,६००, उरले १०,२००. निम्मीच विकली तर १,८००! आठवडी बाजारात हंसाच्या पिल्लाला रोजचं गिऱ्हाईक नसतं. फार्महाऊस, रिसॉर्ट असे दहा तरी ग्राहक आधी बोलून ठेवा. हंस असले की साप येत नाहीत, या भरवशावर किंमत ठरवू नका. आरडाओरडा करून राखण मात्र चांगली करतात.

नवीन लावलेल्या रोपांना जाळी करा, कोवळी पानं ते ठेवत नाहीत. बर्ड फ्लूची साथ आली (२००६ मध्ये नवापूरला आली होती) तर कोंबड्यांसकट सगळा कळप जाऊ शकतो. म्हणून ठेव शाबूत हवी.

सुरुवातीचे १४,००० रुपये चार महिन्यांच्या बचतीतून काढा. हे उत्पन्न शेतीउत्पन्न धरलं जात नाही, तेव्हा घरात कोणी प्राप्तिकराचं विवरणपत्र भरत असेल तर विक्रीची वही ठेवा. पहिल्या हंगामात वीसेक पिल्लं विकली गेली, तर पुढच्या वर्षी आणखी दोन माद्या वाढवा.