कलाप्रकल्पासाठी बसणाऱ्याची फजिती करणारी यांत्रिक खुर्ची घरी कशी बनवावी?

तुम्ही विचारलंय की प्रदर्शनात ठेवायच्या खुर्चीचे पाय बसताक्षणी दुमडावेत की स्प्रिंगने बैठक वर उडावी, आणि हे घरच्या सामानात जमेल का. मी नाटकांच्या नेपथ्यातली चालती यंत्रं आणि प्रदर्शनांसाठी हलणारी शिल्पं बनवून देतो. माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही नको. बेसावध माणूस मागे पडला की माकडहाडावर आपटतो किंवा तोल सावरायला टेकवलेल्या हाताचं मनगट मोडतं. नट पडतो तेव्हा कधी पडायचं हे त्याला माहीत असतं, तुमच्या प्रेक्षकाला नसतं.

पण नुसती सुरक्षेची गोष्ट नाही. कलाकृती म्हणूनही आधी ठरवायला हवं की हसू कोणावर येणार. ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळ हेलब्रुन नावाचा राजवाडा आहे, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मार्कुस सिटिकुस या आर्चबिशपने बांधलेला. तिथे बागेत दगडी टेबल आणि भोवती दगडी स्टुलं आहेत. पाहुणे बसले की स्टुलांमधून पाण्याच्या चिळकांड्या उडतात. यजमानाची जागा तेवढी कोरडी. आणि यजमान बसलेला असताना पाहुण्यांनी उठायचं नाही, असा रिवाज! यंत्र साधंच, लपवलेले नळ आणि एक तोटी, पण त्या एका कोरड्या जागेत सत्तेची अख्खी रचना दिसते.

पुढे अमेरिकेत इलिनॉयमधल्या ग्रीनव्हिलच्या डिमूलिन बंधूंनी 1890च्या दशकापासून याचा कारखानाच चालवला. बंधुसंघांच्या, म्हणजे विधी करून सभासद घेणाऱ्या पुरुषांच्या मंडळांच्या, दीक्षाविधीत नव्या सभासदाची खोड काढायला कोसळणाऱ्या खुर्च्या, पाणी उडवणाऱ्या खुर्च्या, विजेचा झटका देणाऱ्या खुर्च्या. अशा विधींत माणसं जखमी झाली, प्रकरणं कोर्टात गेली. कंपनी नंतर बँडचे गणवेश शिवण्याकडे वळली. उलट, कॅनडाचा कलाकार मॅक्स डीन आणि त्याचे सहकारी राफाएलो डँड्रेआ व मॅट डोनोव्हन यांची 2006 ची ‘रोबोटिक चेअर’ पाहा. ती खुर्ची स्वतःच कोसळते, तुकडे विखुरतात, मग बैठक फिरून एकेक पाय शोधते आणि पुन्हा उभी राहते. कोणालाही धक्का नाही, तरी बघणारा खिळून राहतो. तुम्ही या बाजूला जावं असं मला मनापासून वाटतं.

आता प्रत्यक्ष रचना. मी असतो तर अशी खुर्ची केली असती: बसल्यावर बैठक सावकाश 5 सेंटिमीटर खाली जाते आणि आतून बाजाच्या पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, एकच लांब सूर निघतो. एवढंच. मान ताठ ठेवून बसलेल्या माणसाची ऐट घालवायला ते पुरतं.

खाली जाण्यासाठी ऑफिसच्या फिरत्या खुर्चीचा, बैठकीची उंची बदलणारा गॅस सिलिंडर वापरा. त्याच्या वरची पिन दाबलेलीच राहील असा बैठकीखालचा लिव्हर तारेने बांधून टाका. मग माणूस बसला की सिलिंडर दबतो, उठला की आपोआप वर येतो. वेगळी स्प्रिंग लागत नाही. साधारण 30 किलोच्या आसपास दाब पडल्याशिवाय तो हलत नाही, पण प्रत्येक सिलिंडरचा आकडा वेगळा, म्हणून वर वजनकाटा ठेवून दाबून मोजून घ्या. जुन्या खुर्चीची सिलिंडर बसतो ती खालची वाटी आणि वरची प्लेट तशीच उचलून वापरली तर बसवणं सोपं जातं. वाटी कापताना सिलिंडर बाहेर काढलेला हवा. त्यात दाबाखालचा नायट्रोजन असतो. त्याला भोक पाडणं, वेल्डिंग करणं, तापवणं पूर्ण वर्ज्य. पुण्यात असाल तर बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत असाल तर हार्डवेअरसाठी नागदेवी स्ट्रीट फिरा. खुर्च्या दुरुस्त करणाऱ्यांकडेही असे सिलिंडर सहज मिळतात.

बैठक गोल फिरू नये म्हणून दोन्ही बाजूंना ड्रॉवरचे टेलिस्कोपिक चॅनेल, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या धातूच्या पट्ट्या, उभे लावा. ते फक्त दिशा देतील, भार घेणार नाहीत. खाली चारही कोपऱ्यांत रबर चिकटवलेले भक्कम लाकडी ठोकळे द्या. 45 सेंटिमीटर उंचीची बैठक 40 वर येऊन त्यांच्यावर टेकली पाहिजे. सिलिंडर दगा देवो वा न देवो, माणूस त्याखाली जाता कामा नये. बैठक वर येताना ठरल्या उंचीवर अडवायला पट्टा लावा.

सुराचा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि चूक व्हायची जागाही तीच. पहिला विचार येतो भाता थेट बैठकीखाली ठेवायचा. 60 किलोचा भार 15 बाय 20 सेंटिमीटरच्या भात्यावर पडला तर दर चौरस सेंटिमीटरला 200 ग्रॅम दाब होतो. पेटीचा रीड, म्हणजे सूर काढणारी धातूची पातळ पट्टी, अगदी थोड्या दाबावर बोलतो, एवढ्या दाबाने तो गुदमरून गप्प बसेल. त्यातून रीड बोललाच, तर वजनदार माणसाला मोठा आवाज आणि बारीक माणसाला लहान. म्हणजे खुर्ची लोकांच्या शरीराची टिंगल करू लागली. हे मला अजिबात मान्य नाही.

म्हणून भात्यावर 3 किलोचं लोखंडी वजन पक्कं बसवा आणि ते दोन दोऱ्यांनी बैठकीला टांगा. बैठक वर असताना वजन उचललेलं, भाता हवेने भरलेला. बैठक खाली गेली की दोऱ्या सैल पडतात आणि वजन आपल्याच भाराने भाता दाबत बसतं. दाब दर चौरस सेंटिमीटरला 10 ग्रॅम, माणूस 50 किलोचा असो वा 90 किलोचा. बैठक टेकून थांबते, पण हवा फक्त रीडमधून निघते, त्यामुळे सूर त्यानंतरही रेंगाळतो. लोक तिथेच हसतात. हवा परत आत यायला भात्याला चामड्याची झडप हवी. पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराला गाठा. भाता, झडप, रीड हे तिन्ही तो नीट करून देईल.

हे सगळं झाकायला खालून बंद असलेली, खोक्यासारखी खुर्ची घ्या. हलती बैठक आणि चौकट यांतली फट एकतर 5 मिलिमीटरपेक्षा कमी ठेवा किंवा 25 पेक्षा जास्त, नाहीतर बोट अडकतं. लहान मुलं खुर्चीत बसण्याऐवजी हात घालतात, त्यांचा विचार आधी करा. बैठकीवर सिमेंटच्या तीन गोण्या, म्हणजे 150 किलो, रात्रभर ठेवा. सकाळी ठोकळे, स्क्रू आणि चॅनेल तपासा, मग स्वतः बसा, मग मित्रांना बसवा.

दालनाच्या दारातच फलक लावा: ‘आतल्या काही वस्तू हलतात आणि आवाज करतात.’ खुर्चीवर चिकटवू नका, गंमत जाईल. पाठीचं दुखणं असलेल्यांना आणि गरोदर बायकांना अडवायला खुर्चीजवळ एक माणूस उभा ठेवा. आणि तुम्ही दालनात असाल तेव्हा अधूनमधून सगळ्यांसमोर तिच्यात बसत जा.