क्वीनचा ‘हॉट स्पेस’ चाहत्यांना का रुचला नाही?

प्रश्न : क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे सत्तरच्या दशकातले अल्बम मी आजही आवडीने ऐकतो, पण १९८२ चा ‘हॉट स्पेस’ पहिली बाजू संपण्याआधीच बंद करावासा वाटतो. रॉक सोडून डिस्कोच्या नादी लागल्यामुळेच हा अल्बम फसला, असे म्हणावे का?

उत्तर : तसे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. या चमूने त्याआधी दोनच वर्षांपूर्वी ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ हे नाचायला लावणारे गाणे दिले होते आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते. चमूचा बेस गिटारवादक जॉन डीकन याच्या त्या बेसवर शीक या डिस्को बँडची छाप उघड आहे, तरी चाहत्यांनी ते डोक्यावर घेतलेच. तेव्हा चाहत्यांना ठेक्याचे वावडे होते, असे काही दिसत नाही.

फरक पडला तो वाद्यांमुळे. ‘अनदर वन’मधला बेस डीकनच्या बोटांतून आलेला आहे, ‘स्टेइंग पॉवर’ आणि ‘बॉडी लँग्वेज’ या गाण्यांत मात्र बेस सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा आणि ठेका ड्रम मशीन या यंत्राचा आहे. ‘बॉडी लँग्वेज’मध्ये तर चमूचा गिटारवादक ब्रायन मे याची गिटार जवळजवळ नाहीच, आणि अल्बमच्या आधी श्रोत्यांपुढे सिंगल म्हणून ठेवले गेले ते नेमके हेच गाणे. ज्या चमूची ओळखच मुळी थरावर थर चढवलेल्या गिटारींवर उभी होती, त्याने ती अशी बाजूला सारल्यावर जुना श्रोता बिचकणार, यात नवल नाही. खुद्द चमूतही या प्रश्नावर खटके उडत होते : ‘बॅक चॅट’मध्ये डीकनला गिटारचा सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, नको होता, पण मेने आग्रह धरला आणि तो सोलो गाण्यात राहिला.

त्यात काळही प्रतिकूल होता, कारण अमेरिकेत डिस्कोविरुद्धची चीड १९७९ मध्येच उसळली होती. त्या वर्षी १२ जुलैला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला होता. ब्रिटनमध्ये हा अल्बम चौथ्या क्रमांकापर्यंत चढला, अमेरिकेत मात्र बाविसाव्यावरच अडकला.

माझ्या मते सर्वांत मोठी चूक गाण्यांच्या क्रमात झाली. नृत्यप्रधान गाणी पहिल्या बाजूवर एकामागोमाग एक लावली गेली, तर गायक डेव्हिड बोवीसोबतचे ‘अंडर प्रेशर’, जे १९८१ मध्येच ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते, ते पार शेवटी टाकले गेले. आपण दुसऱ्या बाजूपासून ऐकायला सुरुवात करावी, आणि त्यानंतर १९८२ च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या ‘मिल्टन कीन्स बोल’ या खुल्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणातले ‘स्टेइंग पॉवर’ ऐकावे. तिथे चमूचा ड्रमवादक रॉजर टेलर स्वतः ड्रम वाजवतो, मेच्या जोडीला डीकनही गिटार घेतो, आणि स्टुडिओत कोरडे वाटलेले तेच गाणे अस्सल क्वीनचे वाटू लागते.